डाव्या चपलेतली किल्ली

१

गिताबाईंनी विहीर पाडली. त्यांच्या सूनबाई चिमाबाईंनी त्या विहिरीच्या पाण्यावर शेवंती लावली आणि बैलगाडीतून ती पुण्याच्या फूलबाजारात पोहोचवली. चिमाबाईंच्या सूनबाई ताईबाईंनी आठ एकरांचे एकवीस एकर केले, आणि यवतमध्ये कोणाच्या दारात उभे राहण्याची वेळ घरावर कधी येऊ दिली नाही. या तिघींच्या कमरेला जो किल्ल्यांचा जुडगा होता, तो गेली एकेचाळीस वर्षे माझ्या कमरेला आहे. मी कस्तुराबाई, ताईबाईंची धाकटी सून. वय पंचाहत्तर. जुन्या काळची सातवी उत्तीर्ण आहे. पुढील हकीकत मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे, कारण दुसऱ्या कोणी लिहिली तर तिच्यात माझ्याविषयी दया शिरेल, आणि ती मला नको.

माझा थोरला नातू विश्वजीत माघ महिन्यात समुद्रकाठच्या एका शहरी, तिथल्या जुन्या टेहळणीच्या मनोऱ्यावरून खडकांवर पडून गेला. शहराचे नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांचा यात दोष नाही. मनोऱ्याच्या माथ्यावर, कठड्यापाशी, त्याच्या चपला जोडून ठेवलेल्या सापडल्या. विहिरीच्या काठावर चपला दिसल्या की आमच्याकडे कोणी पुढचे विचारत नाही. तिथेही कोणी विचारले नाही. त्याने उडी घेतली असेच कागदावर आले आणि आम्हीही तेच धरून चाललो.

महिन्याभराने ईश्वर एक जाड पाकीट घेऊन आला. ईश्वर हा विश्वजीतचा शाळेपासूनचा मित्र. कारेगावात राहतो, रांजणगावच्या एका कारखान्यात शिफ्टला जातो, आणि त्या सहलीत गाडी त्यानेच चालवली होती. पाकिटात पंचनाम्याची प्रत आणि काही फोटो होते. घरातल्या इतरांना ते पाहू न देता मी माझे भिंग घेऊन ओसरीत बसले.

पहिल्या फोटोत माझ्या नातवाचे तळपाय होते. ते हिरवे होते. ओल्या दगडावरचे शेवाळ टाचेच्या भेगांत शिरले होते.

दुसऱ्या फोटोत जप्त केलेल्या चपला पालथ्या ठेवल्या होत्या. त्यांच्या तळाला आमच्या मळ्यातली काळी माती होती, वाळून चिरलेली. हिरव्याचा कणसुद्धा नव्हता.

म्हणजे विश्वजीत अनवाणी वर गेला होता. ते योग्यच होते. सासरच्या मूळ पुरुषाने, हौसरावांनी, एका बुरुजावर पहारा देताना देह ठेवला असे घरात सांगतात. तेव्हापासून ज्या ठिकाणी पहारा झाला तिथे आमच्या घरचा माणूस पायतण घालून चढत नाही. पायथ्याशी काढतो. मग पायथ्याशी काढलेल्या चपला चाळीस हात उंच माथ्यावर गेल्या कशा? चालत गेल्या नव्हत्या. कोणाच्या तरी हातातून गेल्या होत्या.

तिसरा फोटो मी शेवटी पाहिला. चपला माथ्यावर जशा सापडल्या तशा: शेजारी शेजारी, अंगठे समुद्राकडे. डाव्या चपलेत घडी घातलेला रुमाल, आणि रुमालाखालून डोकावणारी मळ्यातल्या मोटारीच्या खोलीची किल्ली.

मी भिंग मांडीवर ठेवले. डाव्या चपलेत, कापडाखाली, किल्ली. हे दृश्य मी आयुष्यात दुसऱ्यांदा पाहत होते. पहिल्यांदा ज्यांनी पाहिले त्यांपैकी माझ्याखेरीज कोणी जिवंत नाही. ते मी कधी कोणाला सांगितले होते का, याचा विचार मी त्या दिवशी केला नाही. करण्याचे टाळले, हे अधिक खरे.

२

मध्यंतरी मी काय करून बसले होते ते आधी सांगितले पाहिजे.

मनोऱ्यावर विश्वजीतचे त्याच्या बायकोशी, अपेक्षाशी, चढ्या आवाजात बोलणे झाले होते. हे सहलीतल्या सर्वांनी ऐकले, आणि आठ दिवसांत दौंड तालुक्याने ऐकले. नवऱ्याला मरणाकडे ढकलणारी बाई, असे तिचे नाव पडले. दिवसकार्य झाल्यावर मी तिला ओसरीत बोलावून सांगितले की तिने कारेगावला वडिलांच्या खोलीवर जावे, आणि सहा वर्षांची साई इथेच, या घरात राहील. अपेक्षा रडली नाही. साईची वेणी घालून झाली नव्हती. ती पुरी घातली आणि गेली. पोर रोज फाटकापाशी उभी राहून यष्ट्या मोजत असे.

आता चपला जर दुसऱ्याच्या हाताने वर गेल्या असतील, तर त्या पोरीची आई मी विनाकारण हिरावली होती.

सहलीला पाच जण गेले होते. विश्वजीत आणि अपेक्षा, धाकटा नातू सत्यजीत आणि त्याची बायको तेजश्री, आणि ईश्वर. तेजश्रीला पाचवा महिना होता, म्हणून ती मनोऱ्यावर चढली नाही. दाराशी बाकावर बसून तिने सगळ्यांच्या चपला सांभाळल्या. घरात बाई पोटुशी असताना तिच्यासमोर मरणाचा विषय काढायचा नाही, ही ताईबाईंची शिस्त मी मोडू दिली नव्हती. त्या दिवसापासून मनोऱ्याविषयी, चपलांविषयी, किल्लीविषयी तेजश्रीच्या कानावर एक शब्दही घालायचा नाही, अशी सर्वांना माझी ताकीद होती. ती गाडीत बसून होती तेव्हाच प्रेत निघाले, आणि तिला थेट यवतला आणले गेले. माझ्या घरात माझी ताकीद मोडत नाहीत.

ईश्वरला मी त्याच ओसरीत उभे करून विचारले. त्याने सांगितले की चौघे वर गेले. आधी अपेक्षा रागाने खाली उतरली आणि बंधाऱ्याच्या भिंतीकडे एकटी चालती झाली. मग तो स्वतः उतरला आणि गाडी वळवून आणायला गेला. दोघे भाऊ वर राहिले. अर्ध्या तासाने मनोरा बंद करायची घंटा झाली, तेव्हा तो विश्वजीतला हाक मारायला वर गेला, तर चपला दिसल्या. वाकून पाहिले, तर खाली खडकावर तो.

"वर जाताना त्याच्याजवळ काय होते?" मी विचारले.

"काय नव्हतं, आज्जी. तिकिटाचा म्हातारा म्हनला, वर वारा लय, वाकून बघितलं की खिशातलं समुद्रात जातं. मग आम्ही समद्यांनी खिसं रिकामं केलं. मोबाईल-बिबाईल तेजश्रीवहिनींच्या पिशवीत."

"आणि चपला?"

"त्या पायरीशी. तो म्हातारा हसला बी आमाला. देऊळ न्हाई म्हनला हे." ईश्वर थांबला. माझ्याकडे पाहत राहिला. पंधरा वर्षे यंत्रांपाशी काम केलेला माणूस. एखादा भाग उलटा बसला आहे हे त्याला कळायला फार वेळ लागत नाही. "आज्जी," तो हळू म्हणाला, "मग मला त्या वर कशा दिसल्या?"

३

सत्यजीतला मी झेंडूच्या तोडणीवर गाठले. तो सांगत होता त्यात कुठे गाठ नव्हती, आणि मला तेच खटकले. भाऊ समुद्राकडे तोंड करून बसला होता, म्हणाला तू हो पुढे, मी उतरलो आणि नारळपाणी आणायला रस्त्याकडे गेलो. एवढे त्याने दोनदा, त्याच शब्दांत सांगितले. चपलांचे विचारल्यावर म्हणाला की लक्ष नव्हते. आपल्या चपला घालताना शेजारची जोडी होती की नव्हती, हे सख्ख्या भावाने पाहिले नाही. मी तेवढ्यावर परत फिरले. बोललेले परत घेता येत नाही, हे मी ताईबाईंकडून शिकले आहे.

मग मी कारेगावला गेले. अपेक्षाचे वडील कारखान्यातून निवृत्त झालेले. दोन खोल्यांचे घर, खाली बिहारकडच्या पोरांची खानावळ, जिन्यात फोडणीचा वास. अपेक्षाने मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उभी राहिली.

"साई बरी आहे," मी म्हणाले.

"मी विचारलं न्हवतं," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल म्हनून वाट बी बघत न्हवते."

मी तिला मनोऱ्यावरच्या भांडणाचे विचारले. ती म्हणाली की भांडण विहिरीच्या मळ्यावरून होते. महामार्गालगतचा तो तुकडा एका हॉटेलवाल्याला हवा होता. सत्यजीतने होकार दिला होता, विश्वजीत सही करीत नव्हता. दोन वर्षे घरात रोज ताटावर तोच विषय. "मी म्हनाले, द्या सही, तुटू दे एकदाचं, भावाभावात कशाला. ते म्हनाले, आज्जीचा शब्द हाय, ती विहीर विकायची न्हाई, उपसायची न्हाई, बुजवायची न्हाई. मी विचारलं, का? तर म्हनाले, का ते आज्जीनं कवा सांगितलंय." तिने माझ्याकडे सरळ पाहिले. "एवढंच बोलले मी. तेवढ्यावरून मानूस मरत असंल तर मारलं मी. घ्या लिहून."

मी उठले. जिन्यात तिचा आवाज मागून आला. "आज्जी, ते रागावले होते माझ्यावर. पर मी उतरताना म्हनाले होते, खाली थांब, कणीस खाऊ. जीव द्यायला निघालेला मानूस कणीस खाऊ म्हनंल का हो?"

ती हे महिनाभर स्वतःलाच विचारत होती. तिचे ऐकून घेणारे कोणी नव्हते, कारण कोणी ऐकू नये अशी व्यवस्था मी केली होती.

४

मनोरा स्वतः पाहिल्याशिवाय पुढचे पाऊल टाकता येईना. आयुष्यात समुद्र पाहिला नव्हता. भीमेला पूर येतो तेवढेच मोठे पाणी मला ठाऊक. ईश्वरने सुट्टी घेतली. मनोरा पाहून येते, एवढेच मी घरात सांगितले होते. सकाळी गाडीत बसताना तेजश्री फाटकापर्यंत आली, पोटावर पदर सावरत. तीन वर्षांपूर्वी दौंडहून आमच्या घरात आलेली ही मुलगी. घरातली सर्वांत शहाणी, माझ्या शब्दाआधी माझे मन ओळखणारी. जुडगा मी तिलाच द्यायचे ठरवले होते. तिने खिडकीतून माझ्या गुडघ्यांवर शाल घातली.

"आज्जी, दमानं चढा. चौथ्या झरोक्यापशी पायरी फुटलेली हाय, तिथं उजव्या हातानं भिंत धरा."

मी तिच्या गालावरून हात फिरवला आणि गाडी निघाली.

मनोरा काळ्या दगडाचा, गोल, खाली रुंद आणि वर निमुळता. कोणे एके काळी इथून गलबतांवर नजर ठेवीत. आता तिकीट घेऊन लोक येतात, फोटो काढून जातात. तांडेल नावाचे वृद्ध गृहस्थ खिडकीत बसून पावत्या फाडत होते. त्यांना आमचे लोक आठवत होते. घाटावरची माणसे, पायरीशी चपला काढणारी. ते दार दाखवायला गेले तेव्हा चार जोड ओळीत होते आणि बाकावर एक बाई बसली होती, असे त्यांनी सांगितले. पोलिसांनी त्यांना हे विचारले नव्हते, म्हणून त्यांनीही सांगितले नव्हते. खिडकीतून मनोऱ्याचे दार दिसत नाही, हे मी स्वतः आत वाकून पाहिले.

मी चपला काढल्या आणि चढू लागले. आत एकच चक्राकार जिना, ब्याण्णव पायऱ्या, माणूस एकामागे एक जाईल एवढाच. दगड ओला, शेवाळलेला. भिंतीतल्या झरोक्यांतून उजेडाची एक-एक पट्टी. ईश्वर माझ्या मागे होता, मी पडले तर धरायला. पहिला झरोका गेला. दुसरा. तिसऱ्यापाशी मी श्वासासाठी थांबले. चौथ्यापाशी माझा उजवा हात माझ्याही नकळत भिंतीवर गेला, आणि त्याच क्षणी डाव्या पायाखाली दगडाची कड निसटलेली लागली.

मी तिथेच उभी राहिले. ईश्वरने विचारले, काय झाले. मी त्याला विचारले, ही पायरी फुटली आहे हे त्याने कोणाला सांगितले होते का. तो म्हणाला, न्हाई, माझ्या ध्यानातच न्हवती आली. अपेक्षाला मी तिथूनच फोन लावायला लावला. ती म्हणाली, रागात उतरत होते, पायऱ्या बघितल्याच नाहीत. आणि तेजश्रीशी त्या दिवसानंतर आपले एक वाक्यही झालेले नाही, असेही ती म्हणाली. राहिला सत्यजीत. त्याने माझी ताकीद मोडून आपल्या बायकोला हे सांगितले असेल का? फुटक्या पायरीचे सांगितले असेल कदाचित. पण कोणता झरोका, आणि कोणत्या हाताने भिंत धरायची, हे सांगून कळत नाही. ते पायाला आणि हाताला कळते, अंधारात, एकदा तोल गेल्यावर.

ती चढली होती.

मी माथ्यापर्यंत गेले. कठडा माझ्या कमरेला लागला. खाली समुद्र होता. इतके पाणी आणि त्यातला एक घोटही पिता येत नाही, असे ऐकले होते. ते खरे आहे. ज्या दगडावर चपला होत्या तिथे मी बसले. आता टाळलेला विचार करण्यावाचून गत्यंतर नव्हते.

५

छप्पन्न वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एकोणीस वर्षांची, लग्नाला चार महिने झालेली. माझी थोरली जाऊ रंभा. तिची मुलगी अनसा दोन वर्षांची. एका दुपारी माझ्या थोरल्या दिरांनी रागाच्या भरात रंभेला ढकलले आणि तिचे डोके जात्यावर आपटले. ती उठली नाही. ताईबाईंनी दार लावून घेतले. घरातल्या पुरुषांनी तिला विहिरीत सोडले. ताईबाईंनी रंभेच्या चपला माझ्या हातात दिल्या आणि थारोळ्यावर, जिथे मोटेचे पाणी पडायचे त्या दगडावर, ठेवून यायला सांगितले. मी ठेवल्या. अंगठे पाण्याकडे. आणि कोणी न सांगता, माझ्या बुद्धीने, रंभेच्या पेटीची किल्ली डाव्या चपलेत घालून तिच्यावर खण ठेवला. जीव देणारी बाई घरच्या किल्ल्या सोबत नेत नाही, असे मला वाटले. ताईबाईंनी ते पाहिले आणि पहिल्यांदा माझ्या पाठीवर हात ठेवला. जुडगा माझ्याकडे आला तो त्या हाताने.

अनसा आजोळी शिरूरला वाढली. विहीर जवळ केलेल्या बाईची पोर, म्हणून तिला कोणी पत्करेना. तिशीत एका विधुराच्या घरी दिली. ती आता शिरूरच्या बाजारात भाजी विकते. आमच्या दारात ती कधी आली नाही, आणि तिला बोलावण्याचे धाडस मला झाले नाही.

हे सारे मी एकदाच बोलले होते. गेल्या दिवाळीआधी, शेवंतीची निवड करताना, एका माणसाजवळ. घराची अब्रू राखणे म्हणजे काय, हे पुढच्या मालकिणीला कळावे म्हणून. अभिमानाने बोलले होते, हेही लिहून ठेवते.

यवतला परत आल्यावर मी तेजश्रीला माझ्या खोलीत बोलावले, दार लावले आणि ओळीने मांडले. चपला पायथ्याशी होत्या, त्या तुझ्या ताब्यात. रुमाल आणि किल्ली तुझ्या पिशवीत. दोन्ही माथ्यावर सापडले. जी पायरी तुला कोणी सांगितली नाही ती तुला ठाऊक आहे. आणि डाव्या चपलेत, कापडाखाली, किल्ली ठेवायची, हे जगात दोनच बायांना ठाऊक आहे. त्यातली एक त्या दिवशी इथे साईला जेवू घालत होती. तू वर गेलीस, आणि पाचव्या महिन्यातली बाई नवऱ्याखेरीज दुसऱ्या कोणासाठी ब्याण्णव पायऱ्या चढणार नाही.

तिने नाकारले नाही. खाली बसली.

"ह्यांनी मुद्दाम न्हाई ढकललं, आज्जी. सही मागितली. भाऊजी न्हाई म्हनले. ह्यांनी खांद्याला धरून हिसका दिला. खाली आले तवा दातखीळ बसली होती."

"हाक का मारली नाहीस?"

"हाक मारून भाऊजी आले असते का? तुम्हीच म्हनला होता, गेलेलं मानूस येत न्हाई, राहिलेलं घर राखावं लागतं."

"आणि अपेक्षा? तिच्यावर आळ आला. तिची पोर तुटली."

तेजश्रीने मान वर केली. तिच्या डोळ्यांत उद्धटपणा नव्हता. तसा असता तर मला सोपे झाले असते. ती खरोखर विचारत होती.

"रंभाबाईंच्या पोरीचं तुम्ही काय केलं होतं, आज्जी?"

दाराबाहेर साई यष्ट्या मोजत होती. अकरा म्हणाली, बारा म्हणाली.

६

सत्यजीतला बोलावले. तो दारात उभा राहिला, माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिले आणि भिंतीपाशी खाली बसला. विश्वजीतचे शेवटचे शब्द त्याने सांगितले. आज्जीचा शब्द मोडायचा नाही, असे तो म्हणाला होता. ती विहीर विकू नका असे मी त्यांना लहानपणापासून बजावले, कारण नवा मालक ती उपसेल, आणि तळाच्या गाळात काय निघेल याची मला छप्पन्न वर्षे धास्ती होती. माझ्या त्या शब्दासाठी एक नातू गेला आणि दुसरा आता जात होता.

तेजश्री एकदाच म्हणाली, की पोटातल्याकडे तरी बघा. मी बघितले होते. कारेगावला दोन खोल्यांत उभी असलेली बाईही मी बघितली होती. गप्प राहिले असते तर फाटकापाशी यष्ट्या मोजणारी दुसरी अनसा या घरात वाढली असती, आणि या वेळीही चपला माझ्याच हाताने ठेवल्यासारखे झाले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ईश्वरच्या गाडीतून आम्ही तिघे पोलीस ठाण्यात गेलो. सत्यजीतने आपला जबाब दिला, तेजश्रीने तिचा. माझा मी स्वतः लिहिला, आणि त्यात आधी रंभेचे लिहिले, मग विश्वजीतचे. तरुण अधिकारी बाई होत्या. त्यांनी अदबीने सांगितले की जुन्या प्रकरणातले सारे मयत आहेत, त्यातून आता काही निष्पन्न होईल असे वाटत नाही, ते लिहिलेच पाहिजे असे नाही. मी म्हणाले, माझे नाव मयतांत नाही. शिक्का मारा. एक प्रत मला द्या.

त्यांनी मला घरी जाऊ दिले. नातवाला आणि नातसुनेला नाही. तेजश्रीचे बाळंतपण कुठे होईल, हे आज कोणी सांगू शकत नाही.

अपेक्षाकडे साईला मी स्वतः घेऊन गेले. पोरीने जिन्यातच माझे बोट सोडले आणि वर धावली. मी अपेक्षाला सर्व सांगितले, तालुक्याला कळण्याआधी. मग कमरेचा जुडगा सोडून तिच्यापुढे धरला. तिने हात पुढे केला नाही. म्हणाली, "ह्याचं काय करू मी? दारं तुमची हायत." मी तो पायरीवर ठेवला. दोन दिवसांनी ईश्वरने तो मला परत आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. त्यातली एकच किल्ली मला पाहिजे होती.

रंभेची पेटी माझ्या खोलीत छप्पन्न वर्षे आहे. मी ती कधी उघडली नाही. दर दिवाळीला कुलपात तेलाचे दोन थेंब मात्र सोडीत आले. ती गाडीत घालून शिरूरला गेले. भाजीबाजाराच्या मागच्या आळीत अनसाबाई दारात मेथी निवडत बसली होती. केस सारे पांढरे. कपाळ रंभेचे. तिने मला ओळखले, पण उठली नाही. मी चपला काढून आत गेले आणि जमिनीवर तिच्यासमोर बसले.

माझ्या जबाबाची प्रत तिच्यापुढे धरली, तर वाचता येत नाही म्हणाली. म्हणून मी वाचले. जात्यापासून थारोळ्यापर्यंत, आणि शिक्क्यापर्यंत, माझ्याच अक्षरातले, मोठ्याने. शेजारच्या दोन बाया दारात येऊन उभ्या राहिल्या तेव्हा आवाज खाली केला नाही. अनसाबाईच्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली.

"म्हंजी माझी आई मला टाकून गेली न्हवती," ती म्हणाली.

"नाही."

"उडी न्हवती टाकली तिनं."

"नाही. तुझे दूध तोडले नव्हते तिने अजून. ती तुला सोडून गेली नाही. आम्ही नेली."

तिने पुन्हा एकदा विचारले, आणि मी पुन्हा एकदा सांगितले. मग मी किल्ली दिली. तिने ती कुलपात घातली. फिरली, अडखळली नाही. आत दोन लुगडी, फुटक्या बांगड्यांची पुरचुंडी, आणि एक झबले होते, जेमतेम वीतभर. ते अनसाबाईने हातात धरले. शेजारणी डोळे पुसू लागल्या. तिने पुसले नाहीत, कारण तिचे कोरडे होते. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला आई परत मिळत नाही. फक्त ती कशी गेली एवढेच मिळते, आणि ते घेऊन तिला उद्या पुन्हा बाजारात बसायचे होते.

कागदाची घडी तिने पेटीत ठेवली, झबले त्यावर ठेवले, झाकण लावले. किल्ली आपल्या कनवटीला खोवली. मग माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता आणि माफीही नव्हती.

"फिटलं, काकी," ती म्हणाली. "सगळं फिटलं. आता या तुम्ही."